देवकाबाईंची हाक

"थांबा! देवकाबाई, थांबा!"

मी ओरडले तेव्हा गोळी बंडूजींच्या ओठांशी पोचली होती आणि बंडूजींनी आ वासला होता. गोळी होती शेजारच्या खाटेवरच्या रूपरावजींची. बंडूजींचा काही दोष नाही. कोणी काहीही हातात घेऊन जवळ आलं की ते तोंड उघडतात. खुद्द रूपरावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपली गोळी परस्पर निघाली आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता.

"मी आवाज देल्ला होता जी," देवकाबाई म्हणाल्या. "बाबाजी, गोळी घ्या म्हटलं. याइनं आ केला."

"इथं सगळेच बाबाजी आहेत, देवकाबाई. नावानं हाक मारा म्हणून मी सकाळपासून घसा फोडून सांगून राह्यली ना?"

देवकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे पाहत राहिल्या.

बोरगाव मेघेतल्या आमच्या वृद्धाश्रमात नव्यानं कामाला लागणाऱ्यांना मी आठवडाभर शिकवते. म्हाताऱ्या माणसाला उठवताना आपली कंबर कशी सांभाळायची, भरवताना घाई का करायची नाही, असं बरंच काही. पण पहिला धडा ठरलेला: दार वाजवा, नावानं हाक मारा, ओ आली की आपलं नाव सांगा, मगच अंगाला हात लावा. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याचं गाठोडं होत नाही. ही सवय मला इतकी लागली आहे की घरी जेवायला वाढतानाही मी "दुर्गेश, भात वाढते" असं म्हणते. नवरा म्हणतो, मी काय तुझा पेशंट आहे का!

या वेळी शिकायला दोघीच होत्या. एक सपना, वर्ध्याची, बारावी झालेली, तोंडाळ पण कामाला वाघीण. दुसऱ्या देवकाबाई, केळझरच्या. लकवा झालेल्या नवऱ्याचं त्यांनी शेवटपर्यंत केलं. तो गेला आणि हात रिकामे झाले. त्या नोकरी मागायला आल्या तेव्हा मी त्यांना स्वैपाकघरात लावणार होते. तर म्हणाल्या, "सैपाक जलमभर केला जी, मॅडम. मले मानसाइचं करू द्या." मला ते फार आवडलं होतं. म्हणून तर मी त्यांच्यावर जास्त चिडले.

मी त्यांना ओसरीवर घेऊन गेले. सपनाही न बोलावता मागोमाग आली.

"काऊन हाक नाई मारत तुमी? बाकी सगळ्याइले तर मारता."

शेवटी सपनाच बोलली. "मॅडम, याइच्या मालकाचं नावही रूपरावच होतं."

मला हसू आलं. देवकाबाईंना आलं नाही, तेव्हा मी ते गिळलं.

आडनावानं हाक मारा म्हणावं, तर त्या खोलीत दोघंही वानखेडे. आणि रूपरावजी दुसऱ्या कशालाही ओ देत नाहीत. ते एसटीत कंडक्टर होते, लग्न केलं नाही. कोणी बाबाजी म्हटलं की उसळतात, "लगन नाई, लेकरू नाई, बाबाजी कायचा?" रक्तदाबाची गोळी मात्र रोज वेळेवर हवीच.

"हे पाहा, देवकाबाई," मी म्हणाले, "तुमच्या मनाचं मी समजू शकते. पण गोळी चुकीच्या पोटात गेली तर मी काय सांगू? शनिवारपर्यंत जमवा. नाहीतर स्वैपाकीण शकुबाईला मदतीला कोणीतरी पाहिजेच आहे."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "जमवतो जी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. रूपरावजी ओसरीवर जाऊन बसले की सपना त्यांच्या रिकाम्या खाटेवर आडवी होई, नाकापर्यंत चादर ओढी आणि जाड आवाजात म्हणे, "मी रूपराव. मारा हाक." देवकाबाई दाराशी उभ्या राहत, छाती भरून श्वास घेत, "रू..." म्हणत आणि पदरात तोंड खुपसून हसत सुटत. मग सपना हसे, मग मी. बंडूजींना कारण माहीत नसे, पण तेही मागे राहत नसत. एवढं हसणं त्या खोलीनं कधी ऐकलं नव्हतं. हाक मात्र काही निघेना.

शुक्रवारी डबा खाताना सपनानं मुद्दा काढला. "मावशी, लग्नात नाव घेतलंच असन ना? उखाण्यात चालते, मंग हाक माराले काय होते?"

"उखान्यात चालते वं. त्याले देव कोपत नाई."

"मंग उखाण्यात घ्या ना!"

देवकाबाईंनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तसाच ठेवून दिला. "मले आता कोन नाव घ्याले लावते, पोरी? हे गेले तशा बाया मले हळदीकुंकवालेच बलावत नाईत. ते नाव तोंडातच राह्यलं माह्या."

सपना खाली मान घालून जेवू लागली. मला त्या कधी न पाहिलेल्या बायांचा असा राग आला की मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

शनिवार उजाडला. देवकाबाईंनी धुवट लुगडं नेसून, हात दोनदा धुऊन, एका वाटीत गोळी आणि भांडंभर पाणी घेतलं. दार वाजवलं. रूपरावजींच्या खाटेशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाल्या,

"केळझरच्या गणपतीच्या दारात रांगोळी,
रूपरावजी घेतात आता बीपीची गोळी!"

सपनानं शिट्टी मारली. बंडूजींनी टाळ्या वाजवल्या. रूपरावजी मात्र भिंतीकडून हळूहळू या कुशीवर वळले.

"कोनाचं नाव घेतलं?"

"तुमचंच जी."

"माहं? उखान्यात?"

ते आपले आपण उठून बसले. केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग गोळी घेतली. "गाडीत हजारो बाया चढल्या-उतरल्या," ते म्हणाले. "पर नाव कोनी नाई घेतलं बाप्पा."

"मंग माह्यंही घ्या!" बंडूजी म्हणाले आणि त्यांनी आ वासला.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण माझा स्वभाव मेला असा, की देवकाबाई बाहेर आल्यावर मी म्हणालेच, "छान झालं. पण उखाणा म्हणजे हाक नाही. उद्या ते न्हाणीत घसरले, तर तुम्ही रांगोळीपासून सुरुवात करणार का?"

"खरं हाय," त्या म्हणाल्या. मग वळल्या, पुन्हा दार वाजवलं.

"रूपरावजी!"

हाक जरा जास्तच मोठी झाली. शेतात मारावी तेवढी.

"ओ!" आतून आवाज आला.

"मी देवका. भांडं न्याले आली."

"या ना मंग."

भांडं घेऊन त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मला वाटलं आता हसतील. मी शेजारी बसले. भांडं मांडीवर ठेवून त्या बोलल्या.

"मॅडम, वावरात त्याइले जेवाले बलवाचं राहे. मी बांधावरून 'अवो, आइकलं का' म्हनो. वाऱ्यात त्याइले काई आइकू नाई जाय. मंग मी तशीच ढेकळाइतून चालत जाओ, पार त्याइच्यापाशी."

"मग?"

"मंग काई नाई. एवढं सोपं होतं. एकदा तरी माराले पाह्यजे होती हाक. पाह्यलं असतं, कसे ओ देतेत ते."

नोकरी पक्की झाली हे सांगायचं होतं, ते तोंडातच राहिलं. मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आतून रूपरावजींचा आवाज आला. "अवो देवकाबाई, अजून जरासं पानी आना!"

"ओ, आली जी," म्हणत त्या उठल्या. डोळे पुसायचे राहूनच गेले.