काळ्या शंकूचा कबुलीजबाब

"शंकूचं तापमान तपासत बसायचं नाही, ते बरोबरच असतं." प्रयोगशाळेत नवीन कुणी आलं की सर पहिल्याच दिवशी हे बजावतात. तो शंकू म्हणजे मी. आणि मी बरोबर नाही.

मी ॲल्युमिनियमचा, दुधाच्या पातेल्याएवढा, आतून काळाकुट्ट. माझा जुळा भाऊ उपग्रहावर आहे. आपल्या आकाशगंगेतल्या तापलेल्या वायूच्या रेडिओ लहरी मोजणारं यंत्र एकदा आकाशाकडे बघतं, एकदा माझ्या भावाकडे. भावाचं तापमान ठाऊक, त्यावरून आकाशाचं काढायचं. मी राखीव, म्हणून खाली कपाटात.

आम्हाला घडवलं प्रयोगशाळेच्या कार्यशाळेतल्या जुन्या कारागिरानं, सगळ्यांच्या काकांनी. तापमापक तोंडापाशी चिकटवायचा होता, पण हात लागला की तिथला काळा रंग निघायचा. पाठवणीची घाई होती. काकांनी दोघांचेही तापमापक पाठीला, आम्हाला तापवणाऱ्या हीटरला खेटून लावले. "दोन-चार अंशांनी काय आभाळ कोसळतंय," म्हणाले. माझी पाठ भाजायची, तोंड गार राहायचं, आणि मी मुकाट पाठीचाच आकडा सांगायचो.

मग उपग्रहाच्या मोजणीतून आकाशगंगेच्या तापमानाचा नकाशा आला. भावाचा आकडा फुगलेला, म्हणून आकाशगंगाही अपेक्षेपेक्षा बरीच गरम निघाली. सरांचे सत्कार झाले, व्याख्यानं झाली. मला कपाटात लपावंसं वाटे, पण मी होतो तिथेच.

काकांची मुलगी सरांकडेच डिग्रीला होती. जमिनीवरच्या अँटेनाचे तिचे आकडे नकाशाशी जुळेनात. सर म्हणाले, तुझं गणित कच्चं आहे. वर्षभर तिनं तेच गणित पुन्हा पुन्हा केलं. काकाही तिला समजावत, मोठ्यांशी वाद घालून कुणाची डिग्री झाली आहे का? बिचारीचं एक वर्ष मी खाल्लं.

काल दुपारी तिनं कुणाला न विचारता मला बाहेर काढलं, हीटर लावला आणि माझ्या तोंडाशी दुसरा तापमापक धरला. पाच अंश कमी. क्षीण लहरींच्या मोजणीत पाच अंश म्हणजे डोंगर.

तिनं काकांना आणि सरांना बोलावून आकडा दाखवला. "बाबा, उपग्रहावरच्या शंकूलाही तापमापक पाठीमागेच लावलात?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "रंग निघत होता गं. मला वाटलं, एवढ्यानं काही होत नाही."

सरांनी दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाले, नकाशाच्या शोधनिबंधावर तुझंही नाव आहे, सही कर, या महिन्यात डिग्री हातात पडेल. वडिलांचं निवृत्तीचं वर्ष आहे, त्यांचं नाव कशाला खराब करतेस?

मला ओरडायचं होतं, पोरी, मला परत कपाटात ठेवू नकोस. मला वाचा नाही. तिला होती.

"सही करणार नाही, सर. नकाशा चुकलाय, हे मी लिहून देणार. बाबांनी एकदा चूक केली. तुम्ही ती कुणाला तपासूच दिली नाहीत."

सर खुर्चीत बसले. काकांनी मान खाली घातली. तिनं मला कपाटात न ठेवता टेबलावरच राहू दिलं आणि शेजारी लिहायला बसली.