आवाज बंद केलेला पाय

गुणाबाईच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं पालथी पडली होती. तोंडं मातीकडं, पाठी आभाळाकडं, आणि ओट्यावर तांब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये एक पाय. नुसता पाय. त्याची टाच खाली जायची, वर यायची, आणि तेवढ्यानं अंगणातून "उतरली गं माय, उतरली!" असे सुस्कारे निघायचे.

"हलू नका!" व्यंकट ओरडला. "सुकन्याताईचा पाय लातूरहून लागून राहिला. लाईव्ह! टावर फुल हाय, पावर बी फुल! मनात शंका आली की उसण माघारी येती, मग मला इचारू नका."

सुकन्या आईच्या घराच्या फाटकात उभी राहून हे ऐकत होती. पाय तिचाच होता. फक्त आत्ता तो तिच्या चपलेत होता आणि नुकताच लातूर-उदगीर एसटीतून उतरला होता.

सुकन्या पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसाचा पाय तीन दिवस पाठीला लागला की उसण उतरते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिचं सगळं लहानपण परक्या पाठींवर पाय ठेवण्यात गेलं. पुढं लातूरला फिजिओथेरपी शिकताना कळलं, की बहुतेक उसणी थोड्या दिवसांत आपसूकच उतरतात, पाय लावा नाहीतर नका लावू. त्या दिवशी ती वर्गात हसली आणि खोलीवर येऊन रडली.

जुनी कंबरदुखी मात्र अशी जात नाही, ती रोजचा व्यायाम मागते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाईंना चार वर्षं पातेलं उचलवत नव्हतं, आणि दोन तास एसटीत बसून लातूर गाठणं तर दूरच. म्हणून सुकन्या चुलतभावाच्या, व्यंकटच्या, फोनवर व्हिडिओ कॉल करून त्यांना व्यायाम शिकवायची. तिच्या लातूरच्या दवाखान्यात समोर येणाऱ्यांइतकाच त्यांना गुण आला. पाच महिन्यांनी पातेलं उचललं गेलं. मग महिनाभर फोन उचललाच गेला नाही. म्हणून ती आली होती, तर चांगुणाबाई पहिल्याच रांगेत पालथ्या.

"मावशी, व्यायाम?"

"सोडला की. व्यंकट मनला, गुण पायाचा हाय, व्यायामाचा न्हाई." त्यांना मान वळवतानाही कळ आली. "आता तर उठवत बी न्हाई बाई. सोमवारपासून शाळेत दुसरी बाई लावून राहिलेत."

सुकन्यानं ओट्यावरचा मोबाईल उचलला. कॉल नव्हताच. जुन्या कॉलचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ होता, पुन्हा पुन्हा फिरणारा, आवाज बंद केलेला. तिनं आवाज चालू केला.

"मावशी, पाठीवर पडा," मोबाईलमधली सुकन्या म्हणाली. "माझी टाच बघा. अशी जमिनीला दाबा, कंबर हळू उचला. श्वास रोखू नका. दहापर्यंत मोजा."

चमत्काराला वाचा फुटली, आणि तो व्यायामाचा तास निघाला! व्यंकटचं तोंड पडलं, पण जीभ नाही पडली. "लाईव्ह नसला म्हनून काय झालं? पाय तर पायाळूचाच हाय ना?"

"हाव, हाव," माणसं उठून बसत म्हणाली.

"माझ्या पायात काही नाही हो!"

"पायाळू मानसानं असं बोलू न्हाई, ताई," म्हातारे लिंबाजी समजुतीनं म्हणाले. "गुण जातो."

सुकन्या हतबल झाली. लबाडी पकडली तरी लोकांच्या डोक्यातून तो पाय काही निघेना. तेवढ्यात दाराच्या चौकटीला धरून, कंबरेत वाकलेली तिची आई बाहेर आली.

"ती पायाळू न्हाई," गुणाबाई म्हणाली. "डोक्याकडूनच झाली, समद्यांसारखी. तिसरी बी लेकच. सासूनं माझं बाळंतिनीचं दूध-भाकर तोडलं. जगली तर जगली मनली. मी सुईनीचे पाय धरले, पायाळू हाय मनून सांग मनलं. पायाळू लेक लक्ष्मी असती. सांजच्याला वाटीभर दूध आलं."

"येवढी वर्सं फशिवलंस बाई," म्हणत लिंबाजींनी मोबाईलपुढं ठेवलेला आपला नारळ उचलला. त्यांच्यामागं निम्मं अंगण निघालं. गुणाबाईनं मान वर केली नाही.

सुकन्याला आठवलं. अख्खं गाव या अंगणात पालथं पडून गेलं, आई कधीच आडवी झाली नाही. "लेकीचा पाय आईला लागू न्हाई," म्हणायची. खरं काय ते तिला माहीत होतं. आणि दवाखान्यात तरी कशी जाणार? पायाळूची आई औषध घेते म्हटल्यावर पायाळूवर कोण विश्वास ठेवील? एका वाटीभर दुधापायी तिनं कंबर वाकेपर्यंत सोसलं होतं.

"मंग माझी कंबर कशानं बरी झालती?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"तुमच्या पाच महिन्यांच्या मेहनतीनं, मावशी. व्यायाम फोनवरून शिकलात म्हणून ती खोटी होत नाही. आणि कुणी समोर येऊन पाय लावला म्हणून खोटं खरं होत नाही. यापुढं कुणी गुण दाखवला की एवढंच विचारा, हे केलं नसतं तरी बरं वाटलं असतं का?"

चांगुणाबाई कण्हत पाठीवर वळल्या. टाचा जमिनीला दाबल्या.

सुकन्यानं शेजारी आईसाठी सतरंजी अंथरली. वाकलेला कणा आता सरळ होणार नव्हता. दुखणं थोडं हलकं झालं तरी खूप.

"मला बी जमंल का गं?" गुणाबाईनं विचारलं.

लेकीनं जन्मात पहिल्यांदा आईच्या कंबरेला हात लावला. दहापर्यंत मोजायचं होतं, पण आकडे विसरून ती आईची कंबर उचलायला हात देत राहिली. मग चांगुणाबाईच मोजू लागल्या.