नसलेल्या कासवाचा हेवा

मित्रांनो, बहरीनमधल्या तुबलीच्या खाडीत, चिखलात पाय रोवून उभा असलेला मी एक जुना तिवर आहे. हे मराठी नाव मला अगदी अलीकडे मिळालं. इथले लोक मला 'कुर्म' म्हणतात. त्या एका नावापायी माझा जीव जाता जाता राहिला. ती हकिगत सांगतोच, पण एक आधीच ऐकून ठेवा. माझा स्वभाव भारी जळका आहे.

आईच्या फांदीवर असतानाच माझ्या बीला कोंब फुटला होता. भरतीनं मला उचललं, इकडेतिकडे खेळवलं आणि इथं आणून टाकलं. खाली खारट चिखल, त्यात हवा म्हणून नाही. मग मी जमिनीखालच्या मुळांना बोटाएवढी मुळं फोडली आणि ती सरळ वर काढली. ओहोटीला ती चिखलातून डोकं वर काढतात आणि मी त्यांतून श्वास घेतो. पाण्यातलं मीठ मी पानांवाटे बाहेर टाकतो. माझ्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढली, खेकड्यांनी बिळं केली, फांद्यांवर बगळे वस्तीला आले. कोळी लोक माझ्या सावलीत होडी बांधून शिदोरी सोडायचे आणि जाताना मला दुवा द्यायचे. तेव्हा मला कोणाचाच हेवा वाटत नव्हता.

पुढे खाडीत भराव पडले, इमारती उठल्या. उरलेल्या खाडीला संरक्षण मिळालं आणि ती बघायला माणसं येऊ लागली. मला वाटलं, आता आपले दिवस आले. कसलं काय! थंडीत रोहित पक्षी उतरले, की सगळे कॅमेरे तिकडे. काटकुळे पाय, वाकडी चोच आणि दिवसभर चिखलात तोंड. तो चिखल धरून कोण ठेवतं? मी! एका बाईनं तर फोटोत मध्ये येते म्हणून माझी फांदी हातानं बाजूला धरली. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या थंडीत ओहोटीच्या वेळी काही मराठी मंडळी खाडीची सफाई करायला आली. त्यांत सदानंद होता, साताऱ्याकडचा, सलमाबादच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. बरोबर त्याची बायको पूर्णिमा, वेंगुर्ल्याची. खाडीची राखण करणारी उमैमा सगळ्यांना मोडक्या हिंदीत म्हणाली, "प्लास्टिक उठाओ. कुर्म को हाथ नहीं लगाना. कुर्म बहुत पुराना है."

माझं नाव! आणि तेही सगळ्यांसमोर! मी नुसता फुलून गेलो. पण सदानंदनं भक्तिभावानं हात जोडले ते भलतीकडेच बघून.

"आगं पूर्णिमा," तो म्हणाला, "हितं कूर्म हाय म्हनं! इष्णूचा अवतार! लई जुनं कासव आसंल."

पूर्णिमा तोवर गोणी घेऊन पार पलीकडे पोचली होती. तिला काही ऐकू गेलं नाही. सदानंद वाकून वाकून कासव शोधू लागला. माझ्या खोडाला हात टेकवून त्यानं चारदा चिखल न्याहाळला, पण मला एकदाही वर मान करून पाहिलं नाही. मित्रांनो, रोहितांवर मी जळत होतोच. त्या दिवशी नसलेल्या कासवावरही जळलो.

तेवढ्यात त्याला माझी श्वासाची मुळं दिसली. चिखलातून वर आलेले टोकदार खुंट. त्याच्या गावाकडे ज्वारी काढली की रानात अशीच धसकटं राहतात आणि चांगला शेतकरी ती वेचून रान मोकळं करतो.

"कासवानं यावं तरी कुटनं? ही धसकटं पायात येत्यात त्येच्या," असं पुटपुटत त्यानं पहिलं मूळ उपटलं. मग दुसरं, मग बचकभर. किती मायेनं उपटत होता तो! इतकी वर्षं कोणीतरी माझ्यापाशी बसावं म्हणून मी झुरलो होतो. आज बसलं, ते माझं नाक दाबायला. माझ्या एका अंगाचा श्वास कोंडला. ओरडायला मला तोंड नव्हतं.

"अवो, ह्या काय करतास!" पूर्णिमा चिखल तुडवत धावत आली. "ती धसकटां न्हय, तिवराची मुळां ती! ह्येंतनाच तो श्वास घेता!"

"आन् कासव?"

उमैमाही धावत आली. "कौनसा कासव? मफी कासव, इधर कोई कासव नहीं! कुर्म ये है, ये पेड़!" तिनं माझ्या खोडावर थाप मारली.

सदानंदनं पहिल्यांदा मान वर केली. त्याचा चेहरा पार उतरला. पुढच्या क्षणी तो उपटलेली मुळं उसाची कांडी लावावी तशी परत चिखलात रोवू लागला.

"न्हाई गं जगायची?" त्यानं बायकोला विचारलं.

पूर्णिमानं त्याचा हात धरला. "नाक कापल्यार परत चिकटता काय, अवो?"

माझी त्या बाजूची मोठी फांदी उन्हाळ्यात वाळून गेली. बाकीचा मी आहे, कारण पूर्णिमा वेळेवर आली. सदानंद आता सुट्टीच्या दिवशी येतो आणि रोहितांकडे पाठ करून माझ्याजवळ उभा राहतो. "संबाळून हां, हितं आमच्या तिवराचं नाक हाय," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतो. कधी कधी रोहित मान उंचावून आमच्याकडे बघतात. बघोत बापडे!

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. चिखलात पाय टाकण्याआधी खाली बघा आणि काही उपटण्याआधी त्याचं नाव नीट विचारून घ्या. फोटो खुशाल रोहितांचे काढा. मी जळेन, ते माझं मी बघून घेईन. पण श्वास तेवढा मला घेऊ द्या.