तीन नंबरची तळची कडी

तीन नंबरचा पंप दुपारी तापायचा. एक आणि दोन नंबर तेच पाणी ओढत, पण गारेगार असत. तीन नंबरला शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे हात लावला की चटका बसे, आणि तिथून गळणारा थेंब अचानक थांबे. कुणी श्वास रोखून धरावा तसा.

पंप चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. थेंब थांबण्याआधी आतून दोनदा टकटक ऐकू येते, असं तो शपथेवर सांगे. "वहिनी, यात तुमची सवत बसलीय. तुम्ही जवळ आलात की फणफणते."

फिटरबाई हसली नाही. नट आवळून झाला की त्यावर पान्याने दोनदा टकटक करायची सवय तिच्या नवऱ्याची होती. तीन नंबरच्या शाफ्टभोवती गळती रोखणारं पॅकिंग भरून तो हात धुवायला निघाला आणि पॅनेलपाशी विजेचा धक्का बसून गेला.

त्याच्या जागी ती लागली. काम शिकवलं सासऱ्यांनी. ते तिथलेच जुने फिटर. पॅकिंगची दोरी शाफ्टवर गुंडाळून तिच्या कड्या तिरक्या कशा कापायच्या, एकावर एक बसवताना त्यांचे सांधे एका रेषेत कसे येऊ द्यायचे नाहीत, नट कितपत आवळायचा. थेंब पडायलाच हवा, कारण त्याच पाण्याने शाफ्ट गार राहतो. ताकीद मात्र एकच होती: जुनी कडी एकही आत ठेवायची नाही. जुन्यावर नवी घालताना दिसलीस तर हातातला पाना काढून घेईन, असं त्यांनी बजावलं होतं. पण तीन नंबर त्यांनी तिला कधी उघडू दिला नाही. निवृत्त होईपर्यंत स्वतःच भरत राहिले, तेही एकट्याने.

आता त्यांचे डोळे गेले होते, खाटेवरून उठवत नव्हतं. तरी ती घरी परतली की पहिला प्रश्न तोच असे, तीन नंबरला हात नाही ना लावलास?

एके दुपारी शाफ्टपाशी धूर निघाला. शाफ्टला चरे पडले तर पंप भंगारात जाईल, असं साहेबांनी सांगितलं. तिने पंप बंद केला, नट सोडले.

वरच्या कड्या लोखंडी आकड्याने सहज निघाल्या. तळाला एक अडली. तिने बॅटरी आत धरली. कडी कोळशासारखी काळी, दगडासारखी कडक. शाफ्ट पोळत होता तो हिच्यामुळे. आकडा रुतवताना तिला सांधा दिसला. तिरकाच होता, पण उलट्या अंगाने कापलेला.

नवरा डावखुरा होता.

म्हणजे सासऱ्यांनी दर वेळी वरच्या कड्या बदलल्या होत्या आणि पोराच्या हातची तळाला राहू दिली होती. तिनेही वर नव्या घालून पंपाचं तोंड बंद केलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. पंपाने आणखी थोडे दिवस काढले असते.

"झालं का, वहिनी?" भोंग्याने पलीकडून विचारलं.

"एक राहिलीय."

तिने आकडा ओढला. कडी मोडून तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. नव्या कड्या बसवून तिने पंप चालू केला, बेताने नट आवळले. पाना पिशवीत टाकून ती उठली, तेव्हा मागे टकटक झाली. दोनदा. भोंग्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तो पंपापासून दोन पावलं मागे सरला.

घरी ती सासऱ्यांच्या खाटेशी बसली. त्यांनी विचारायच्या आत तिने सांध्याचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. ते अंगठ्याने तो कितीतरी वेळ चाचपत राहिले.

"माझ्याच्याने काढवेना, पोरी."

"तापत होता, बाबा."

"ठाऊक होतं." त्यांनी मूठ मिटली. मग हळूच विचारलं, "आज वाजलं का?"

ते इतकी वर्षं एकट्याने पंप का भरत होते, हे तिला तेव्हा कळलं.

"वाजलं," ती म्हणाली. "पण थेंब थांबला नाही."