झालेली किती, हयात किती

माझं रोज सकाळी मौन असतं. उठल्यापासून पूजा होऊन पोथीचा एक अध्याय वाचेपर्यंत मी बोलत नाही. घरच्यांना सवय आहे. चहा हवा असला की मी कप वाजवते, दूध उतू जायला लागलं की टाळी. आमच्या नांदे गावात मला ‘मुकी मावशी’ म्हणतात, तेही प्रेमानंच. एकोणचाळीस वर्षं झाली. कुणी कारण विचारलं तर मी दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे बोट करते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

हे मौन मी धरलं शुभांगीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी.

शुभांगी माझी पहिली मुलगी. माझ्या थोरल्या जाऊबाई, चंद्राबाई, त्यांना मी अक्का म्हणते, त्यांच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बाराव्या दिवशी सासूबाईंनी पाळण्यातली पोर उचलली नि अक्कांच्या पदरात घातली. मला म्हणाल्या, “तुला अजून व्हतील.” झाली, राजू आणि अनिकेत. बारशाला पोरीला मांडीवर घेऊन बसल्या त्या अक्काच. त्याआधी मला भैरवनाथाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला, की ही पोर माझी आहे असं मी तोंडानं कधी म्हणणार नाही. वीस वर्षांची होते. उचलला. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे ती रडायला लागली आणि माझ्या तोंडात शब्द आला. तो गिळला, नि पूजा होईपर्यंत तोंड उघडलं नाही. तेव्हापासून रोज.

ज्या बायकांना हे ठाऊक होतं त्यातल्या दोघीच आता उरल्यात, आणि त्यांनाही सारं आठवत नाही. माझ्या मुलांना माहीत नाही. शुभांगीलाही नाही. ती कासारसाईला दिली आहे. मला काकी म्हणते.

माघात शिरगणतीची बाई येणार असं कळलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या मागच्या आठ खोल्यांत भाडेकरू आहेत, हिंजवडीच्या कंपनीतली मुलं आणि एक बिहारी जोडपं. अनिकेतला त्याच खोल्यांची काळजी.

“आई, खोल्यांचं जास्त बोलायचं नाही. माहिती एकदा मोबाईलमध्ये गेली की कुठं कुठं जाते कुणाला पत्ता लागत नाही. आधीच रोज तीन फोन येतात, फ्लॅट घेता का म्हणून. त्यांना नंबर कुणी दिला?”

“तूच दिला असशील, मॉलात लकी ड्रॉच्या डब्यात,” सूनबाई वृषाली म्हणाली.

अक्कांना वेगळीच काळजी होती. आमची दारं शेजारी शेजारी, ओटा एकच. संध्याकाळी त्या वाल सोलत बसल्या होत्या. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, “धाकले, बायांना इचारत्यात म्हनं. झालेली किती, हयात किती. पौडात इचारलं माझ्या भाचीला.”

“इचारू द्या की, अक्का.”

“तू दोन सांग.”

मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसती हलली, मलाच कळलं नाही.

गणतीचं काम आमच्या शाळेतल्या जुईली बाईंकडे होतं. मुलगी सालस, हळू बोलणारी. देवळातून येताना मला रस्त्यात भेटली. मी विचारलं, “बाई, तुम्ही लिहून नेता ते कुणी बघतं का?”

“नाही हो काकू. कायद्यानं कुणालाच दाखवता येत नाही. कोर्टानं मागितलं तरी नाही. बाहेर येतात ते नुसते आकडे.”

“घरच्यांनाही नाही?”

“घरच्यांनाही नाही,” ती हसली. “तुमच्याकडं काय लपवायचं असणार?”

मी घरी आले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. म्हणजे जगात एक जागा अशी होती, की तिथं माझ्या नावापुढे तीन लागतील आणि ते कुणी वाचणार नाही. शुभांगीला धक्का नाही, अक्कांना धक्का नाही. मी मेल्यावर कुठंतरी तेवढं राहील. आणि शपथ होती ती तोंडाची. बोटांची नव्हती. असा विचार करताना मला देवाची भीती वाटली, पण मी तो करायचा थांबले नाही. जुईलीला निरोप धाडला, दुपारी ये, घरात कुणी नसतं.

ती आली सकाळी साडेआठला. दुपारी तिला दुसरी वाडी नेमून दिली होती.

मी ओट्यावर उन्हात वाती वळत होते. पूजा व्हायची होती. घरात रेंज नाही, ती ओट्यावरच येते, म्हणून जुईलीनं तिथंच खुर्ची मागितली. वृषाली चहा घेऊन आली. अक्का त्यांच्या उंबऱ्याशी तांदूळ पाखडत होत्या. दोन भाडेकरू नळावर भांडी घासत होते. एवढं सगळं जागच्या जागी असताना माझ्या घराची मोजणी सुरू झाली.

“आईंचं मौन आहे, मी सांगते,” वृषाली म्हणाली आणि भराभर सांगत सुटली. नाव, वय, शिक्षण. अनिकेतचं, स्वतःचं. मी वाती वळत राहिले.

“आता काकूंचं. झालेली मुलं?”

“दोन.”

“हे ज्यांचं त्यांनीच सांगितलेलं बरं. काकू?”

मी कापूस खाली ठेवला आणि तीन बोटं वर केली.

वृषाली फिसकन हसली. “आई, नातवंडं नाही विचारत त्या.”

मी बोटं खाली घेतली नाहीत.

“हयात किती, काकू?” जुईलीनं विचारलं. तिचा आवाज आणखी हळू झाला होता.

मी पुन्हा तीन दाखवली.

नळावरचं पाणी वाहत होतं, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. अक्कांच्या हातातलं सूप थांबलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हातानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, त्या दिवशी पोर घेताना धरलं होतं तसंच. ते माझ्यानं बघवेना. एवढ्या वर्षांत त्या पोरीच्या दुखण्याखुपण्यात त्या जागल्या, तिच्या लग्नात मंगळसूत्र मोडलं, भाऊजी गेल्यावर तिच्याच आशेवर उठल्या. मी एक बोट मिटलं. दोन.

“दोनच ना? बघा, ध्यान नव्हतं त्यांचं,” वृषाली म्हणाली.

जुईलीनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मोबाईलवर बोट टेकवलं.

पण मी बोट मिटलं तेव्हा अक्कांनी तोंड फिरवलं होतं. पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना ऐकायला तसं कमीच येतं. त्यांनी पाहिली ती तीनच बोटं.

जुईली खुर्ची सरकवून त्यांच्या दाराशी गेली आणि मोठ्यानं विचारत गेली. मला सगळं ऐकू येत होतं.

“आजी, झालेली मुलं किती?”

अक्कांनी सुपातले तांदूळ हातानं सारखे केले. “एक बी न्हाई.”

“आजी, शुभांगीताई...”

“इचारलंस ना झाली किती? मला झालं न्हाई. लिव्ह.”

एक हाक मारली असती, अक्का, मी दोन सांगितलीत, तर झालं असतं. पूजा व्हायची होती. मी उठले, देवघरात गेले, आणि नेहमीपेक्षा घाईनं दिवा लावला. अध्याय वाचताना ओळी सुटल्या. बाहेर आले तर जुईली पुढच्या घरी गेली होती, अक्कांचं दार लोटलेलं होतं.

आत गेले. त्या कॉटवर बसल्या होत्या.

“घे बाई,” म्हणाल्या. “तुझी तुला दिली. लई दिवस ठिवून घेतली मी.”

“अक्का, मी दोनच सांगितली. एक बोट खाली घेतलं मी. तुमी बघितलं न्हाई.”

अक्का कॉटवरून उठल्या. मग म्हणाल्या, “मग ती कुणाची लिवली?”

मी त्यांच्या पायाशी बसले.

“बदलून घे जा. तुज्याकडं लिवून घे.”

“तुमीच घ्या, अक्का.”

“मी कशी घेऊ? इचारताना झाली म्हणून इचारत्यात, वाढीवली म्हणून न्हाई इचारत.”

संध्याकाळी अनिकेत जेवायला बसला नि म्हणाला, “आई, तीन काय दाखवलंस म्हणे? मागच्या खोलीतला पोरगा मला विचारतोय, आंटी को तीन बच्चे हैं क्या.” कायद्यानं मोबाईल झाकला होता. ओटा उघडाच होता.

“ध्यान नव्हतं,” मी म्हटलं.

“खरंच?”

“जेव.”

तो जेवला. पण त्या दिवसापासून वृषाली माझ्याकडे वेगळं बघायला लागली. एकदा भिंतीवरचा शुभांगीच्या लग्नाचा फोटो ती जवळ जाऊन बघत होती. मी आल्यावर तिनं तो पुसायला घेतला.

शुभांगीचा फोन आला. “काकी, आईला काय झालंय? फोनवर नुसती हूं हूं करते. तुमचं काही झालं का?”

“काय न्हाई गं. गुडघे दुखतात त्यांचे.”

“काकी, तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारलं.”

“गुडघे दुखतात,” मी पुन्हा म्हटलं.

महिनाअखेरीला जुईली परत आली. दारोदार शेवटची फेरी होती, कुणाकडे नवं जन्मलं, कुणी गेलं, ते विचारायला. अकरा वाजून गेले होते. पूजा झाली होती, मौन सुटलं होतं. अक्का ओट्याच्या त्यांच्या टोकाला वाल सोलत बसल्या होत्या. पंधरा दिवस त्या टोकाच्या अलीकडे आल्या नव्हत्या. वृषाली दारात उभी राहिली, हात पुसत.

“काकू,” जुईली माझ्याजवळ वाकली, “काही चुकून सांगितलं असेल तर आज बदलता येईल. मी कुणाला काही बोलणार नाही.”

माझे हात मांडीवर होते. त्या दिवशी वर केलेली तिन्ही बोटं मला दिसत होती. वृषालीलाही दिसत होती. ती माझ्या हातांकडेच बघत होती.

“नाही बाई,” मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मला दोनच. राजू नि अनिकेत. तिसरं कुणी न्हाई.”

ती माझी आहे असं म्हणायचं नाही, एवढीच शपथ होती. ती नाही असं म्हणायला मला कुणी लावलं नव्हतं.

जुईली पुढं गेली. अक्कांनी या वेळी ऐकलं होतं. त्यांनी मान वर केली नाही, पण हातातली वालाची शेंग सोलायची राहिली ती तशीच राहिली.