बजरंगचं जेवण

चतुराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबली आणि किशनराव जमादारांकडं न बघताच म्हणाली,

"उभं का राहिलाव? बसा की. मेलेल्या माणसाची चौकशी हाय, तुमचं लगीन न्हाई पाय लटलट कापायला."

एरवी किशनराव हसले असते. आज त्यांनी नुसतं स्टूल पुढं ओढलं.

"मावशी, उद्या लातूरच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट मॅडमपुढं एकच सांगायचं. बजरंग जेवला. बस. जेवला व्हता का न्हाई?"

"जेवला."

"मंग? खोटं कुठं हाय त्यात?"

खोटं नव्हतंच, आणि तीन आठवडे तेच तिला टोचत होतं.

बारा वर्षं कोठडीतल्या माणसांना भाकरी तिच्या घरून जायची. नवरा वारल्यावर किशनरावांनीच खटपट करून ते काम तिला मिळवून दिलं होतं. चोर असो, दारुडा असो, ठाण्यातून कुणी उपाशी गेलं नाही, हा तिचा तोरा होता आणि तो ती चारचौघांत मिरवायचीही. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मंत्र्याच्या बंदोबस्ताला सगळी माणसं गेलेली. कोठडीच्या पहाऱ्यावर तिचीच पोरगी, लुंबिनी. आत इस्लापूरकडचा बजरंग, वीटभट्टीवरचा मजूर. विहिरीवरची मोटर चोरल्याच्या संशयावरून आणलेला. तो मागच्या भिंतीला पाठ लावून पडला होता. चतुराबाईनं ताट गजाखालून सरकवलं. त्यानं ताटाकडं बघितलं, स्वतःच्या हातांकडं बघितलं. दोन्ही तळवे फुगले होते, बोटं मिटत नव्हती.

"उघड गं कुलूप," ती म्हणाली होती.

लुंबिनीनं दोन्हीकडं बघितलं आणि उघडलं.

चतुराबाईनं वरणात भाकरी चुरली आणि त्याला भरवली. चौथ्या घासाला तो म्हणाला, "बास, माय."

सकाळी तो मेलेला होता. कागदावर आलं, छातीत कळ आली.

किशनराव उठले. दाराशी जाऊन परत वळले. आतल्या खोलीत लुंबिनी वर्दीला इस्त्री करत होती; तिला ऐकू जावं एवढाच आवाज त्यांनी काढला.

"लुंबिनी आमची लेक हाय, मावशी. भरतीच्या येळेला तिच्या कागदांमागं कोण पळलं ते तुमाला ठाऊक हाय. त्या दिशी नियम मोडून कुलूप कुणी उघडलं, ते ठाण्यात एकानं बी इचारलं न्हाई. इचारणार बी न्हाई. आपण एकमेकाचं झाकतो म्हणून तर सगळ्याच्या घरात चूल पेटती."

"लई मोठ्या मनाचे तुम्ही," चतुराबाई म्हणाली. "जाताना दार वढून घ्या. कुत्रं शिरतंय."

ते गेले. ती इस्त्रीच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"माय, उद्या जास्ती बोलू नको."

"म्या कधी जास्ती बोलते?"

लुंबिनी हसली नाही. तीच बाही तिनं पुन्हा पुन्हा दाबली.

"किती जण व्हते गं त्याला मारायला?"

"मी बाहेर होते."

"कान घेऊनच गेली असशील की बाहेर."

लुंबिनीनं इस्त्रीचा खटका बंद केला. "माझी नोकरी जाईल, माय. नोकरीचं सोड, हे लोक मला जगू देणार न्हाईत. तू फक्त जेवला म्हण."

"जेवला म्हणते," चतुराबाई म्हणाली.

लातूरला कोर्टाच्या व्हरांड्यात लांबलचक बाक होतं. किशनराव, दोन शिपाई आणि लुंबिनी त्यावर खांद्याला खांदा लावून बसले होते. चतुराबाई कडेला टेकली. समोर, भिंतीशी, एक म्हातारी फरशीवर बसली होती. काही वेळानं ती सरकत सरकत जवळ आली.

"भाकरी तुम्हीच देता म्हणं ठाण्यात?"

"हाव."

"म्या साखराबाई. बजरंगची माय." तिनं पदर तोंडाशी धरला. "जेवला का वो त्या दिशी?"

बाकावरची चौघंही समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"जेवला," चतुराबाई म्हणाली.

"मंग बरं झालं. त्याला भूक निघत न्हाई, लहानपणापासून." म्हातारी पुन्हा सरकत भिंतीशी गेली.

पुकारा झाला तेव्हा चतुराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आत पंखा घरघरत होता, दाराचा पडदा त्याच्या वाऱ्यानं हलत होता. मॅडम वयानं लुंबिनीहून फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि फायलीतून एक कागद काढला.

"हा तुमचा ठाण्यात दिलेला जबाब. वाचून दाखवते. 'सदर इसमाने माझ्यासमक्ष स्वतःच्या हाताने पोटभर जेवण केले व ताट धुऊन मला परत दिले.' बरोबर आहे?"

चतुराबाई बघतच राहिली. कोठडीतल्या माणसानं आपलं ताट आपण धुवायचं, अशी ठाण्याची रीत होती. लिहिणाऱ्यानं रीत बघून लिहून टाकलं होतं. एवढं एक वाक्य नसतं, तर ती हाव म्हणून उठून गेली असती. तिच्या डोळ्यांपुढं ते न मिटणारे हात आले, आणि त्या हातांत तिचं ताट.

"ह्ये कुणी लिव्हलं?"

"खाली सही तुमची आहे."

"सही माझी हाय. वरचं न्हाई."

टाईप करणारा थांबला. मॅडमनी कागद खाली ठेवला.

"मग काय झालं ते सांगा."

"त्याची बोटं मिटत न्हवती. ताट कशानं धुईल? घास म्या भरवले, चार. ताट बी म्याच धुतलं."

"हातांना काय झालं होतं?"

"पट्ट्याचे वळ व्हते. तळव्यावर, मनगटावर. पाय म्या बघितले न्हाईत, पण त्याला उठता येत न्हवतं."

तिचा आवाज पहिल्यापासून मोठा, तो व्हरांड्यात जात होता. बाहेर बाक करकरलं.

"उठता येत नव्हतं, तर गजांतून कसं भरवलंत?"

"आत जाऊन."

"कुलूप कुणी उघडलं?"

चतुराबाईनं दाराकडं बघितलं. पडदा हलला. बाकावर लुंबिनी एकटीच बसलेली दिसली. किशनराव आणि ते दोन शिपाई जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे होते, तिच्याकडं पाठ करून.

"बाई, कुणी उघडलं?"

"बाहीर बसलीय ती," चतुराबाई म्हणाली. आवाज एवढा बारीक होता, की टाईप करणाऱ्याला मान पुढं काढावी लागली. "तिलाच इचारा."

कोर्टाच्या शिपायानं लुंबिनीचं नाव पुकारलं. जिन्याच्या कोपऱ्यातून किशनराव वळले आणि त्यांनी एकदाच मान हलवली, नको. लुंबिनी उठली. भिंतीशी बसलेल्या साखराबाईपाशी क्षणभर थांबली आणि पडदा सारून आत आली. आईकडं तिनं बघितलं नाही.

चतुराबाई खुर्चीवरून उठली आणि बाजूला झाली.