साक्षीची खुर्ची

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी धाकटी बहीण म्हणते. मी न्हावी; गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्रीआधी माझं तोंड चालू होतं. एवढं बोलणारा माणूस चार शनिवार भीतीने अर्धा झाला, त्याची ही गोष्ट.

आमच्या छोट्या सरकारी रुग्णालयात जागा एक आणि गरजा दोन. डायलिसिसची यंत्रं ठेवायची, की ती हलवून तिथे नवजात बाळांचा कक्ष काढायचा? हे डॉक्टरांनी नाही, लोकांनी बसून, बोलून ठरवायचं होतं. चिठ्ठ्या टाकून पंधरा जण निवडले, त्यात मी निघालो. पहिल्याच शनिवारी फॉर्म पुढ्यात आला. ‘या निर्णयाची थेट झळ बसेल असं तुमच्या घरात कोणी आहे का?’ असेल तर मत देता येणार नव्हतं.

धाकटी माझ्याकडेच राहते, आणि आठवड्यातून तीनदा त्या यंत्राला जोडलेली असते. यंत्रं गेली तर पुढचं केंद्र बसने चार तासांवर. डायलिसिस करून आली की आमचा एक जिना चढताना ती तीनदा बसते. मी ‘नाही’वर खूण केली.

घरी येऊन तिला म्हणालो, “माझं एक मत पक्कं. फक्त तू माझी कोण, हे कुठे बोलू नकोस.”

“आणि कळलं तर?”

“कसलं कळतंय! तुझं आडनाव सासरचं आहे.”

“दादा, तुला खोटं पचत नाही. घाबरलास की तू नको तेवढं बोलतोस.”

दुसऱ्या शनिवारी डायलिसिसची सिस्टर माहिती द्यायला आली, आणि मी अर्धा तास वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. शेजारी पंधरांतलाच एक, आमचा पोस्टमन होता. रुग्णालयाची पाकिटं आमच्या दारात तोच टाकतो. तो माझ्याकडे बघायचा आणि मी बांधलेली नाडी पुन्हा सोडायचो.

तिसऱ्या शनिवारी साक्षी होत्या. समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर एक आई बसली. तिचं बाळ मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर, गाडीतच गेलं होतं. तिने ते सगळं सांगितलं. दुसरी खुर्ची डायलिसिसच्या पेशंटसाठी होती. आमची चर्चा चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “बोलावलं होतं. येत नाही असं कळवलंय.” मला हायसं वाटलं, खरं सांगतो. त्या पेशंटांपैकी कोणीही मला ओळखलं असतं.

चौथ्या शनिवारी बाईंनी मतदानाआधी बाजू बदलायला लावल्या. ज्याला यंत्रं हवीत त्याने बाळांच्या बाजूने बोलायचं, बाळांवाल्यांनी यंत्रांच्या. “आणि मनापासून बोला हं,” बाई म्हणाल्या. माझी पाळी आली. मी उभा राहिलो. पोस्टमन टक लावून बघत होता. आता अडखळलो तर याला कळणार, या भीतीने मग मी सुटलो. काय काय बोललो! त्या आईचं बोललो, गाडीचं बोललो. तरी पोस्टमनची नजर हटेना. तेव्हा त्या दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणालो, “ही बघा. त्या लोकांनाच गरज नाही. असती तर एक तरी माणूस इथे येऊन बसला असता.”

कोणीतरी मान डोलावली.

मी माझं मत यंत्रांनाच दिलं. निकाल लागला, बाळं आठ, यंत्रं सात. बाहेर पडताना पोस्टमनने माझा खांदा धरला. “माफ करा हं. इतके दिवस मला वाटत होतं, तुमच्याच घरात पेशंट आहे. मी यंत्रांना देणार होतो मत. तुमचं ते खुर्चीचं पटलं.”

घरी आलो तर धाकटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली. नुकतीच डायलिसिसहून आली होती.

“काय झालं?”

“आठ-सात. गेली यंत्रं.”

तिने पर्स मांडीवर ओढली. मग पर्समधून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत साक्षीचं बोलावणं होतं, तिच्या नावाचं. सोबत तिच्या अक्षरात भरलेली दोन पानं, तिथे सांगायचं ते.

“आम्ही सगळ्या पेशंटांनी मिळून मला निवडलं होतं. पण मी तिथे आले असते तर तू पकडला गेला असतास. म्हणून येत नाही असं कळवलं.” तिने कठड्याला हात घातला. “तू काय बोललास, दादा?”

मी सांगितलं. खुर्चीचंसुद्धा सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. उठायला गेली आणि परत बसली.

“चार तास ना रे?” ती म्हणाली. “बसमध्ये आडवं व्हायला मिळतं का, विचारून ठेव.”